हिराकाकींना शिकवलेली भरती

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक आहे, पण मी तिला ती कधी सांगितलेली नाही. बाकी कोणालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही. समोर असतात तर मी चहा विचारला असता, हवापाण्याचं बोललो असतो आणि तुम्हाला गेटपर्यंत सोडून आलो असतो. माणूस म्हणून मी फार सभ्य आहे, हे आमच्या भागात कोणीही सांगेल.

मी मास्तर. पस्तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं, वसईतल्याच एका शाळेत. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तरी सगळे मला सरच म्हणतात — भाजीवाला, रिक्षावाले, बिल्डिंगमधली सुनामुलं, सगळे. 'सर' म्हटलं की माणूस खोटं बोलणार नाही असं लोकांना का वाटतं, कोण जाणे. मला स्वतःलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

सुरुवात कुठून करू? पाण्यापासूनच करतो, तिथूनच ती होते.

आमची बिल्डिंग उमेळ्याच्या बाजूला आहे. तीन मजले, सोळा घरं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरीमुळे इकडे आलो आणि तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. आम्ही आलो तेव्हा आजूबाजूला सगळ्या वाड्या होत्या, केळी, मोगरा, पानवेली. आता बिल्डिंगा आहेत आणि मधे मधे एखादी वाडी उरली आहे. आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे अशीच एक उरली. ती हिराकाकींची.

आमच्या बिल्डिंगची जागाही एके काळी त्यांचीच. काकींच्या नवऱ्याने ती विकली तेव्हा बिल्डरला एकच अट घातली होती — पाण्याची वाट सोडायची. वाड्यांमधला हा जुना रिवाज. जमीन ज्याची त्याची, पण पाणी उताराला ज्या वाटेने जातं ती वाट कोणी अडवायची नाही. त्यासाठी कोणी कागद करत नाही. पूर्वेकडचं सगळं पावसाचं पाणी काकींच्या वाडीत यायचं, तिथून आमच्या जागेतून पुढे नाल्याला आणि नाल्यातून खाडीला. बिल्डरने शब्द पाळला म्हणायचा. भिंत बांधताना तिच्या पायथ्याशी दोन हात रुंद मोरी ठेवली आणि आमच्या कंपाउंडातून एक गटार काढलं. गटार मात्र अरुंद काढलं. तेवढ्यावर त्याने वाळू-सिमेंट वाचवलं असेल.

आम्ही नवे होतो तेव्हा काकींनी आम्हाला काय काय दिलं याची यादी करत नाही, लाज वाटते. वाल दिले, दुधी दिला, बायको आजारी होती तेव्हा आठ दिवस डबा दिला. मी त्यांच्या विलासला गणित शिकवलं, फी घेतली नाही. तेव्हा वाटायचं, फिटंफाट झाली. विलास हुशार निघाला, आता गुजरातेत वापीला एका कंपनीत आहे. काका गेल्यापासून काकी घरात एकट्याच असतात.

मग आजूबाजूला भराव पडत गेले. प्रत्येक नवी बिल्डिंग आधीच्यापेक्षा हातभर उंच. पाणी तेवढंच, जागा कमी. आणि एका जुलैत ते मोरीतून आमच्या कंपाउंडात शिरलं, अरुंद गटारात मावलं नाही, आणि तळमजल्याच्या चारही घरांत घुसलं. आमच्या घरात गुडघ्याच्या वर होतं. गाद्या, धान्य, माझी पुस्तकं, बायकोचं शिलाई मशीन. मशीन तिच्या आईचं होतं. ती त्या मशीनपाशी पाण्यात उभी राहून रडली, ते मी पाहिलं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. घडलं तसं सांगतोय.

पुढच्या मे महिन्यात कमिटीची मीटिंग झाली. मी सेक्रेटरी होतो — सरांशिवाय कोण करणार? मीच म्हणालो, मोरीला फळी बसवू. खाडीच्या बांधाला उघाडी असते, दार वर ओढलं की पाणी सुटतं, खाली सोडलं की अडतं, अगदी तसंच. आमच्या अंगाने मोरीच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांच्या खाचेत फळी सरकवायची. "फक्त जोराचा पाऊस असेल तेव्हाच टाकायची," असं मी म्हणालो होतो. मिनिट्समध्ये मात्र लिहिलं 'पावसाळी काम'. पुढची सगळी वर्षं आम्ही त्याला हेच नाव दिलं. "सर, पावसाळी काम झालं ना?" असं लोक जिन्यात भेटले की विचारतात, आणि मी मान हलवतो.

फळीने काम चोख केलं. तेव्हापासून आमच्या घरांत थेंब शिरला नाही. पार्किंग कोरडं राहतं. तिथेच श्रावणातला सत्यनारायण होतो, तिथेच गणपती बसतो, पोरं भर पावसात तिथे क्रिकेट खेळतात. आजूबाजूच्या बिल्डिंगवाले आम्हाला विचारतात, तुमच्याकडे पाणी कसं येत नाही? आमचे लोक हसून म्हणतात, आमची जागाच चांगली आहे. सुखी बिल्डिंग आहे आमची. खरंच सांगतो, भांडणंसुद्धा कमी होतात.

आणि पाणी? ते कुठे गेलं असेल, हे तुम्हाला कळलंच असेल. ते काकींकडेच थांबलं.

पहिल्या वर्षी त्यांच्या पानवेली कुजल्या. दुसऱ्या वर्षी पाणी ओटीवर चढलं, मग माजघरात. त्यांनी पलंगाखाली विटा लावल्या. एक, मग दोन, मग चार. चार-चार दिवस त्या पलंगावर बसून राहायच्या, स्टोव्हही वरच. पाऊस ओसरला आणि आमच्याकडचा नाला रिकामा झाला की मी फळी वर उचलायचो — एकदम नाही, वीतवीत, नाहीतर पाणी आमच्याकडे उसळलं असतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काकींचं घर मोकळं व्हायचं. दसऱ्याला मी फळी काढून पंपाच्या खोलीत ठेवत असे. उन्हाळाभर मोरी सताड उघडी. पावसाळ्यात तिच्यासमोर त्यांच्या बाजूला कमरेएवढं पाणी आणि अळूचं रान असायचं. त्यांना ती फळी कधी दिसली नाही.

इथपर्यंत जे सांगितलं त्यात सगळी बिल्डिंग वाटेकरी आहे. इथपर्यंतचं मी कदाचित कोणाला सांगूही शकलो असतो. पुढचं माझं एकट्याचं आहे.

तिसरं वर्ष असेल. काकी भिंतीशी आल्या, साडीचा काष्टा वर खोचलेला, पाय चिखलाने भरलेले. म्हणाल्या, "सर, तुमच्या बाजूनं जरा बघता काय? मोरी तुंबली वाटतं. पानी जातच नाय."

मी "बघतो" म्हणालो. भिंतीमागे गेलो. छत्री धरून त्या फळीसमोर उभा राहिलो. किती वेळ? दहा मिनिटं असतील. फळीच्या वरून थोडं थोडं पाणी ठिबकत होतं. मला फक्त वाकून ती उचलायची होती. तुम्ही म्हणाल, मनात काय चाललं होतं? खरं सांगू — मी उत्तर शोधत होतो. वर्गात एखाद्या पोराने अवघड प्रश्न विचारला आणि आपल्याला येत नसलं की फळ्याकडे तोंड करून उभं राहतात ना, तसा मी उभा होतो.

मग परत आलो आणि म्हणालो, "काकी, मोरी साफ आहे. खाडीला भरती आहे. नाल्याचं पाणीच मागे ढकललं जातंय, म्हणून तुमचं निघत नाही."

त्या नुसत्या "हं" म्हणाल्या असत्या आणि गेल्या असत्या, तरी भागलं असतं. पण त्या म्हणाल्या, "म्हंजे कसं, सर?" आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर आकृती काढली. चंद्र, सूर्य, पृथ्वी, खाडी, नाला, त्यांची वाडी. बाणसुद्धा काढले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण का येतं, अष्टमीला भांगाची भरती म्हणजे लहान भरती का असते, सगळं नीट समजावलं. आकृती उत्तम झाली होती. वर्गातसुद्धा इतकी चांगली कधी काढली नव्हती. आणि तिच्यात एकही गोष्ट चुकीची नव्हती, फक्त एक फळी दाखवायची राहिली होती.

काकी चौथीपर्यंत शिकलेल्या. पण समजून घ्यायची हौस मोठी. त्यांनी तो कागद देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवला. विलासला फोनवर सांगितलं. विलास माझा विद्यार्थी. सरांनी आकृती काढून समजावलं म्हटल्यावर तो कशाला तपासायला येतो? तो म्हणाला, आई, भरतीला कोण काय करणार. झालं. खाडीवर कोणी तक्रार करत नाही.

तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात काकी माझ्याकडून कॅलेंडर मागतात. मी नेऊन देतो आणि जून ते सप्टेंबरच्या पौर्णिमा-अमावास्यांवर लाल गोल करतो. त्या गोलांवरून त्या आपला पावसाळा आखतात. आदल्या दिवशी पलंग विटांवर चढवतात, तांदळाचा डबा माळ्यावर टाकतात, कोंबड्या जावेकडे पाठवतात. कधी भिंतीवरून मला हाक मारून सांगतात, "सर, परवा अमावास्या. तुमच्या खालच्या खोल्या सांभाळा हां." मी "हो हो" म्हणतो. आणि पाणी उतरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. "तुमच्याकडं नाय ना आलं? बरं झालं."

बरं झालं. हे त्या मनापासून म्हणतात. मी त्यात टोमणा शोधून पाहिला, पुष्कळ वर्षं शोधला. सापडला असता तर किती सुटका झाली असती.

कधी कधी पाणी भलत्या तिथीला चढतं. चढणारच, ते फळीचं पाणी, त्याला तिथी काय? तेव्हा काकी चौकशीला येतात. मी कधी वाऱ्याचं नाव घेतो, कधी धरणातून पाणी सोडल्याचं. पडलो तरी नाक वर, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायाला पाण्यात पत्र्याचा तुकडा लागला. साखरेचा आजार आहे. जखम चिघळली आणि दवाखान्यात उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो. हो, गेलो, मी सभ्य माणूस आहे हे सांगितलंच. त्या पाय पांघरुणाखाली लपवत म्हणाल्या, "भरतीचं पानी लई घान असतं, सर. माझीच चूक. चप्पल घालायला पायजे होती." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात मला अजून कसानुसा वाटतो.

गौरी-गणपतीत काकी आमच्याकडे केळीची पानं पाठवतात, अजूनही. वाडीत आता केळीच तेवढ्या तग धरून आहेत. बायको ती पानं घेते, "कशाला त्रास घेतला" म्हणते, आणि मग स्टेशनजवळच्या बाजारातून दुसरी विकत आणते. ती स्वतः बाजारच्या पानावर जेवते. माझ्यासमोर काकींचं पान मांडते. कधी काही बोलली नाही. एकदा भिंतीशी फळी सरकवताना तिने मला खिडकीतून पाहिलं होतं आणि त्याच आठवड्यात मी काकींना भरती समजावून सांगत होतो तेही तिने ऐकलं होतं. मी त्या पानावर जेवतो. भात, वरण, अळूवडी, सगळं.

आता तुम्ही म्हणाल, सोळा घरांसाठी एका घराने सोसलं, जगात हेच चालतं. मीही हे गणित पुष्कळ वेळा मांडलं. एकीकडे सोळा कुटुंबं, पोरंबाळं, म्हातारी माणसं. दुसरीकडे एक बाई आणि एक वाडी, जी आज ना उद्या विकलीच जाणार. ज्याचं जळतं त्याला कळतं, तेव्हा मला ते कळण्याचं कारणच नव्हतं. पण गणिताच्या मास्तराला एक गोष्ट माहीत असते — उदाहरणच चुकीचं लिहून घेतलं असेल तर उत्तर कितीही बरोबर आलं तरी काय उपयोग?

तर ते उदाहरण. हे मात्र बायकोलाही ठाऊक नाही.

फळी बसवून चार वर्षं झाली असतील. प्लास्टरच्या कामाला एक गवंडी आला होता, जुना जाणता माणूस. त्याने मला फळी सरकवताना पाहिलं. म्हणाला, "सर, ही रोजची कटकट कशाला? गटार दुप्पट रुंद करा आणि सरळ नाल्याला काढा. पंधरा दिवसांचं काम आहे. तुमच्याकडेही पाणी नाही राहणार, त्यांच्याकडेही नाही." त्याने पावलांनी मोजून दाखवलं. गटार रुंद केलं असतं तर काय गेलं असतं? कंपाउंडचा एक पट्टा, आणि माझ्या दारासमोरचा ओटा. तो ओटा मी नंतर वाढवून घेतला होता, लादी घालून. वर पत्रा टाकला होता, झोपाळा बांधला होता. परवानगी कोणाची घेतली नव्हती. खणायला घेतलं असतं तर ओटा तुटला असता, आणि तो कसा झाला हा प्रश्नही निघाला असता.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये एकीने विचारलंही होतं. दुसऱ्या मजल्यावरची एक सून होती, नवीन लग्न होऊन आलेली. "त्या आजींसाठी दुसरा काही उपाय नाही का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, जाणकाराला विचारून पाहिलंय, होत नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. त्या मुलीनेही सोडला.

म्हणजे बघा. सोळा घरांना मी कधी विचारलंच नाही. कदाचित ते हो म्हणाले असते. त्या दिवशी सगळे मान वर करून माझ्याकडे बघत होते ते 'नाही' ऐकण्यासाठी की 'हो' ऐकण्यासाठी, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांना मी अशा सुखात ठेवलं ज्याचा दोष त्यांनाही लागतो, आणि सुटकेचा रस्ता आपल्याच खिशात ठेवला. काकींचं दुःख सोळा घरांच्या सुखासाठी होतं असं मी म्हणत आलो. ते एका झोपाळ्यासाठी होतं. आणि खरं म्हणजे आता मी त्या झोपाळ्यावर फारसा बसतही नाही, कंबर धरते.

मी थकलोय, हे मात्र खरं. फळी भिजली की जड होते, आणि आता ती एकट्याने उचलवत नाही. यंदाच्या मे महिन्यात पंपाच्या खोलीतून बाहेर काढली तर खालून कुजली होती, बोट लावलं की भुसा निघत होता. तुम्हाला वाटेल आता हा सांगणार, की मी ती टाकून दिली.

मी माप घेतलं आणि सातिवलीला गेलो. तिथे पत्रा कापून देणाऱ्यांचे गाळे आहेत. जाड पत्रा निवडला, गंजू नये असा. कारागीर पांढऱ्या दाढीचा होता. त्याने विचारलं, "मास्टरजी, पानी के लिए है तो नीचे दो-चार होल मार दूँ? थोडा निकलता रहेगा." मी म्हणालो, नको.

पत्रा खाचेत बरोबर बसला. फळीपेक्षा हलका आहे, आवाज मात्र करतो. तो ऐकून काकींनी पलीकडून हाक मारली, "सर, कॅलेंडर आनलंत काय यंदाचं?"

संध्याकाळी घेऊन गेलो. त्यांनी कोरा चहा केला होता. चालताना त्या आता भिंतीला धरतात. जुनी आकृती अजून खिळ्यालाच आहे, खालचा भाग पाण्याने पुसला गेलाय, खाडी आणि नाला दिसत नाहीत, चंद्र तेवढा दिसतो. मी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि जूनपासून एकेक गोल करत गेलो. काकी शेजारी बसून बघत होत्या. जुलैच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"सर, गेल्या साली अष्टमीला पन चढलं होतं. तीपन धरा."

मी अष्टमीलाही गोल केला.